दोन जीबीचा पहारा

बटण दाबलं की आधी पंखा बोलतो,
मग बराच वेळ कोणीच नाही.
तेवढ्यात मी चहा टाकून येते, ऑफिसची खिडकी उघडते,
अकरा जणांच्या पगाराचं रजिस्टर
निळ्या वर्तुळामागे अजून झोपलेलंच.

मालकांचा नंदकिशोर पुण्याला गेला
तेव्हा हा लॅपटॉप माझ्याकडे आला.
एंटरची की घासून गुळगुळीत.

नव्या पेठेत इरण्णा बिराजदारनं काउंटरवर तीन डबे मांडले.
‘हा लाल घ्या मॅडम. बँक, कॅमेरा, मुलांवर लक्ष, सगळं आलं ह्यात.’
‘मला मुलं नाहीत.’
‘मग तेवढं बंद ठेवायचं.’
‘बंद ठेवलेलं जागा खात नाही का?’
इरण्णानं पहिल्यांदा नीट बघितलं माझ्याकडं.
‘रॅम किती?’
‘दोन.’
‘तीन वर्षांचं घेतलं तर स्वस्त पडेल,’ तो म्हणाला
आणि लॅपटॉपकडे बघून स्वतःच गप्प झाला.

लाल डब्यातला महिनाभराचा फुकट नमुना घेऊन आले.
वीस तारखेला, रिटर्न भरायच्या दिवशी,
सकाळी अकराला त्याला कर्तव्य आठवलं.
चार टक्के तपासून झालं. दुपारी दोनला, नऊ.
बाहेर त्रेचाळीस डिग्री, शेडमध्ये मागांची खडखड,
आणि टेबलावर भाकरी भाजेल इतका तापलेला हा.
काढून टाकायला गेले तर विचारतो, नक्की जाऊ?
कारण सांगा. पुन्हा एकदा विचार करा.
जावयासारखा रुसून बसला,
शेवटी गेला, दोन रिकामी फोल्डरं मागे ठेवून.

जुन्या शेडवरचा मलकप्पा आठवला मला.
मिशा, शिट्टी, पितळी टोकाची काठी.
त्याला खाट हवी, पंखा हवा, रात्रीतून दोनदा चहा हवा,
आणि ज्या रात्री सुताचे कोन गेले
त्या रात्री तो म्हणे मागच्या गेटची कडी तपासत होता.
त्याच्यानंतर बसव्वा आली.
मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायची दारापाशी.
मान वर न करता म्हणायची,
ह्यो पाय आपला न्हवं.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा इरण्णानं डबे काढलेच नाहीत.
स्क्रू काढले.
पंख्यातून चिमट्यानं ओढलं टॉवेलचं तूस,
बोटभर जाड,
पांढरं, गुलाबी, मधेच एक हिरवी रेघ.
हिरवं मी ओळखलं.
पार्टीनं परत पाठवलेला तो लॉट,
त्याचे पैसे अजून यायचेत.
‘अर्धा व्हायरस हाच,’ इरण्णा म्हणाला.
उरलेल्या अर्ध्यासाठी, विंडोजसोबत आलाय तोच पहारेकरी राहू दे.
एका दाराला दोन ठेवले तर एकमेकांनाच धरतात.
अपडेट चुकवू नका.
शनिवारी पगार झाला की रजिस्टर बाहेरच्या डिस्कवर उतरवा
आणि डिस्क काढून कपाटात. लावून ठेवायची नाही.
पन्नास रुपये घेतले.
डब्यांचे नाही, स्क्रूंचे.

आता वर्तुळ फिरतं, पण चहा उकळायच्या आत थांबतं.

परवा एक बिल आलं मेलवर.
इचलकरंजीची पार्टी, तातडीचं, सोबत फाइल.
बोट माऊसवर होतं.
सवयीनं जीएसटी नंबर वाचला, सुरुवातीला शून्य सात.
इचलकरंजी दिल्लीत कधी गेली?
आपल्याकडचा प्रत्येक नंबर सत्तावीसनं सुरू होतो,
डोळे मिटूनही बोटं तेच टाइप करतात.
ह्यो पाय आपला न्हवं,
मी मोठ्यानं म्हटलं बहुतेक,
कारण घड्या घालणाऱ्या नरसूबाईनं वळून बघितलं.
फाइल न उघडता मेल पुसला.

थोड्या वेळानं पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी खूण आली.
कोणताही धोका आढळला नाही.

मी त्याला काही सांगितलं नाही.